पुण्याचा कावसजी



आपल्या भित्तिपत्रकात 'थोरांची ओळख' या सदरात आतापर्यंत राजे, संत आणि पुढारी यांची चरित्रं आली. या वेळी ज्याची ओळख करून द्यायची आहे तो राजा नव्हता की संत नव्हता. तो बैल हाकणारा एक साधा गडी होता. त्याने लढाई जिंकली नाही, ग्रंथ लिहिला नाही. तरीसुद्धा जगभरचे शस्त्रवैद्य, म्हणजे ऑपरेशन करणारे डॉक्टर, त्याला नावानिशी ओळखतात. लंडनपासून अमेरिकेपर्यंत त्यांच्या पुस्तकांत त्याचं चित्र छापलेलं आहे. आणि ज्या गोष्टीमुळे त्याचं नाव झालं ती गोष्ट घडली आपल्या पुण्याजवळ!

त्याचं नाव कावसजी. हे नाव पारशी वाटतं खरं. पण त्याच्याविषयी इंग्रजांनी जे लिहून ठेवलं आहे त्यात तो शेतकरी जातीचा मराठा होता असं स्पष्ट म्हटलेलं आहे. त्याच्या लहानपणाची हकीकत कोणी लिहिली नाही. गरिबाच्या लहानपणाची बखर कोण लिहिणार? त्याची गोष्ट सुरू होते ती एकदम लढाईच्या धामधुमीत.

इ. स. 1790 ते 1792 या काळात म्हैसूरचा टिपू सुलतान आणि इंग्रज यांच्यात मोठं युद्ध झालं. इतिहासात याला तिसरं म्हैसूर युद्ध म्हणतात. या युद्धात मराठे आणि हैदराबादचा निजाम इंग्रजांच्या बाजूने होते. पुण्याहून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन दक्षिणेत उतरले होते.

त्या काळी ना मोटारी होत्या ना रेल्वे. तोफा ओढायच्या बैलांनी, आणि दारूगोळा, तंबू, धान्य वाहायचं तेही बैलांनीच. बैल खचले की फौज खचली. 1791 साली इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत जाऊन पोचला होता. पण चारा नाही, धान्य नाही, हजारो बैल मेलेले. तोफा ओढायला जनावर उरलं नाही. शेवटी स्वतःच्याच मोठ्या तोफा निकामी करून त्याला माघारी फिरावं लागलं. यावरून बैल हाकणाऱ्या माणसाची किंमत किती होती ते ध्यानात येईल. बंदूक हातात नसलेला हा माणूस फौजेचा कणाच होता. आपला कावसजी इंग्रजांच्या फौजेत याच कामावर होता.

म्हणूनच शत्रूचा डोळा अशा माणसांवर असे. 1792 च्या लढाईत कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. तिथे त्याचं नाक कापण्यात आलं आणि एक हातही तोडण्यात आला. ही शिक्षा फार क्रूर होती यात शंका नाही. पण ती एकाच राज्यात होती असं मात्र समजू नये. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी हिंदुस्थानातल्या अनेक राज्यांत होती, परदेशांतही होती. माणूस जिवंत राहावा, पण जन्मभर मान खाली घालून फिरावा, असा तिचा हेतू असे.

मित्रांनो, नाकाला आपण किती मान देतो पाहा. घराण्याची अब्रू गेली की आपण म्हणतो, नाक कापलं. माणूस तोऱ्यात चालला की म्हणतो, नाक वर करून चालला. विरोध मोडून एखाद्याने काम केलं की म्हणतो, नाकावर टिच्चून केलं. आता ज्याचं खरोखरीच नाक गेलं त्याने गावात तोंड कसं दाखवायचं? वाटेत भेटलेली मुलंसुद्धा त्याला पाहून घाबरून पळत असतील. आरशाची गरजच काय, लोकांचे चेहरेच त्याला सगळं सांगत असतील.

अशा अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रजी फौजेत परत आला. 1792 च्या मार्च महिन्यात तह झाला आणि लढाई संपली. ईस्ट इंडिया कंपनीने कावसजीला पेन्शन बांधून दिली. पोटाची सोय झाली, पण नाकाचं काय? सुमारे एक वर्ष तो बिननाकाचा राहिला.

तेव्हाचं पुणं ही पेशव्यांची राजधानी होती. गादीवर सवाई माधवराव होते आणि कारभार नाना फडणीस पाहत होते. महादजी शिंदेही त्या सुमारास पुण्यात मुक्कामाला होते. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांचा वकील राहत असे. त्याचं नाव चार्ल्स मॅलेट. त्याच्याबरोबर इंग्रज डॉक्टर होते आणि चित्रकारही होते.

अशा या पुण्याजवळ एक कुंभार राहत होता. विटा पाडणं हा त्याच्या जातीचा धंदा. पण त्याला आणखी एक विद्या येत होती. कापलेलं नाक तो पुन्हा बसवून देत असे! इंग्रजांनी लिहिलं आहे की ही विद्या या देशात फार जुन्या काळापासून चालत आलेली होती आणि असं ऑपरेशन इथे काही दुर्मीळ नव्हतं. 1793 साली, साधारण मार्चच्या सुमारास, कावसजी या कुंभारासमोर जाऊन बसला.

त्या वेळी भूल देण्याचं औषध जगात कुठेच नव्हतं. ईथरने भूल देता येते हे लोकांसमोर सिद्ध झालं 1846 साली, म्हणजे यानंतर 53 वर्षांनी. जंतूंमुळे जखम चिघळते ही गोष्टसुद्धा तेव्हा कोणाला माहीत नव्हती. तेव्हा कावसजीने किती सोसलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. इंग्रज डॉक्टरांपैकी थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी हे ऑपरेशन होताना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून त्याची सगळी रीत आपल्याला कळते. ती अशी.

कुंभाराने प्रथम मेणाची पातळ चकती घेतली. कापल्या नाकाच्या थोटकावर ती बसवून, दाबून, चेपून तिला चांगल्या नाकाचा आकार दिला. मग ती चकती काढून सपाट केली आणि कपाळावर ठेवली. तिच्या कडेने रेघ मारली. झालं मोजमाप! शिंपी जसा कापड कापण्याआधी खडूने आखून घेतो, तसंच हे. नाक उंचवट्याचं असतं, पण त्याला सपाट कातडी किती लागेल हे त्या मेणाने अचूक सांगितलं.

मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी त्याने सोडवली. पण सगळी सोडवली नाही. दोन डोळ्यांच्या मधोमध कातडीची एक बारीक पट्टी त्याने तशीच जोडलेली ठेवली. मित्रांनो, साऱ्या ऑपरेशनचा जीव या पट्टीत आहे. का ते पुढे सांगतो.

नंतर त्याने जुन्या जखमेची कड खरवडून ताजी केली आणि नाकाच्या जागेभोवती, वरच्या ओठाजवळून, एक चीर घेतली. कपाळाची सुटलेली कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली आणि तिची कड त्या चिरेत बसवली. टाका एकही घातला नाही. मग काय लावलं? कात! आपले आजोबा विड्याच्या पानाला लावतात तोच खैराचा कात. तो पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. कात तुरट असतो. त्याने कातडी आवळते आणि रक्त थांबायला मदत होते. पट्ट्या सुकल्या की सांधा हलत नाही.

चार दिवस या पट्ट्यांना हात लावला नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं ठेवलं. पाच-सहा दिवस रोग्याने उताणंच पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वळ्या घातल्या, म्हणजे भोकं बुजू नयेत. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, कातडी नव्या जागी नीट धरली असं पाहून, डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापून टाकली. नाक तयार!

आता त्या पट्टीचं रहस्य. आमच्या गुरुजींनी ते आंब्याच्या भेटकलमावरून समजावून सांगितलं. शेतकऱ्यांच्या मुलांना ते लगेच कळेल. भेटकलम करताना चांगल्या आंब्याची फांदी आपण आधीच तोडत नाही. रोपाची कुंडी फांदीजवळ नेतो, दोघांच्या साली थोड्या तासतो आणि बांधतो. फांदीला आईझाडाचा रस मिळतच राहतो. सांधा जुळला, रोपाचा रस फांदीत चढू लागला, की मगच फांदी आईझाडापासून कापतो. आधी कापली तर सुकून जाते.

कातडीचंही तसंच आहे. कातडी जगते रक्तावर. भुवयांच्या आतल्या टोकाजवळून बारीक रक्तवाहिन्या कपाळावर चढतात. ती पट्टी राखली म्हणजे त्या रक्तवाहिन्या राखल्या. जुन्या वाटेने रक्त येत राहिलं, तोवर नाकाच्या जागी नव्या बारीक वाटा तयार झाल्या. मग जुनी वाट बंद केली तरी चालतं. ही गोष्ट त्या कुंभाराला ठाऊक होती. त्याने वैद्यकाच्या कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. पण कातडी कशाने जगते आणि कशाने मरते हे तो जाणून होता.

आणि त्याची हत्यारं कोणती? मेणाची चकती, धारदार पातं, काताच्या पट्ट्या, तुपाचं फडकं आणि कापडाच्या वळ्या. बाजारात सहज मिळतील अशा वस्तू. पण मोजायचं कशाने, धरून ठेवायचं कशाने, भोक उघडं ठेवायचं कशाने, या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याजवळ एकेक साधन होतं. शोध म्हणजे नेहमी मोठं यंत्रच असतं असं नाही. (एक सूचना: हे वाचून कोणी घरी भलता प्रयोग करू नये. कापलं, भाजलं तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं.)

कावसजीचं नाक छान जमलं. ऑपरेशनला दहा महिने झाल्यावर, जानेवारी 1794 मध्ये, जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. त्या चित्रावरून छाप तयार झाले आणि ते विलायतेला गेले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात चित्रासह सगळी हकीकत छापून आली. त्यात असं म्हटलं होतं की हे नाक पक्कं बसतं, जवळजवळ खऱ्यासारखं दिसतं आणि कपाळावरची खूणही काही काळाने फारशी जाणवत नाही.

विलायतेत मोठं नवल वाटलं. कारण तिथल्या डॉक्टरांना हे येत नव्हतं. सोळाव्या शतकात इटलीत दंडाची कातडी घेऊन नाक करण्याची एक रीत होती, पण ती मागे पडली होती. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाचे एक शस्त्रवैद्य होते. त्यांना या गोष्टीचा ध्यास लागला. हिंदुस्थानातून परतलेल्या लोकांना ते खोदून खोदून विचारत. मेलेल्या माणसांच्या देहांवर त्यांनी सराव केला. शेवटी 23 ऑक्टोबर 1814 रोजी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्यावर हे ऑपरेशन केलं. सुमारे पाव तासात ते झालं. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा जागेवर खरंच नाक आहे हे पाहून रोग्याबरोबर आलेला अधिकारी आश्चर्याने ओरडलाच म्हणतात. कार्प्यूंनी 1816 साली यावर पुस्तक लिहिलं. 1818 साली बर्लिनचे डॉक्टर ग्रेफे यांनीही नाक बसवण्यावर पुस्तक लिहिलं. पुढे ही विद्या युरोपभर पसरली आणि 'प्लास्टिक सर्जरी' म्हणून वाढली. या नावाचा प्लास्टिकच्या डब्याशी काही संबंध नाही बरं का! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणं, मातीला देतात तसा. म्हणजे कुंभाराचंच काम!

आपल्या देशात ही विद्या त्याहून कितीतरी जुनी आहे. सुश्रुतसंहिता या प्राचीन ग्रंथात तुटलेलं नाक कसं करावं ते सांगितलं आहे. तिथे मापासाठी झाडाचं पान घ्यायला सांगितलं आहे आणि कातडी गालाची घ्यायला सांगितली आहे. नाकपुड्यांत नळ्या घालाव्यात असंही आहे. पुण्याच्या कुंभाराने पानाऐवजी मेण घेतलं आणि गालाऐवजी कपाळ. म्हणजे पोथीतली विद्या पोथीतच राहिली नाही, ती कारागिरांच्या हातांतून चालत आणि सुधारत आली. हिमाचल प्रदेशात कांगडा येथेही अशी नाकं बसवणारी घराणी होती.

पुढे विज्ञान खूप पुढे गेलं. फ्रान्सच्या अलेक्सिस कॅरेल या डॉक्टरांनी तुटलेल्या रक्तवाहिन्या बारीक सुईदोऱ्याने शिवण्याची रीत शोधली. नाजूक टाके कसे घालायचे हे ते भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकले होते. त्यांना 1912 साली नोबेल पारितोषिक मिळालं. 1960 साली सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक रक्तवाहिन्या जोडण्यात यश आलं. त्यामुळे आता मांडीची किंवा दंडाची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट कापून दुसरीकडे नेऊन जोडता येते. तरीही नाक करायचं तर कपाळाची कातडी उत्तम, असं आजचे डॉक्टरही मानतात. मेणाच्या चकतीऐवजी ते पातळ वर्खाचा किंवा कागदाचा तुकडा वापरतात. जोडपट्टी ठेवतात आणि साधारण तीन आठवड्यांनी कापतात. 1793 सालचा पुण्याचा हिशोब अजून चुकलेला नाही.

पुण्याचं या विद्येशी नातं पुढेही राहिलं. 1950 नंतरच्या काळात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात रोग्यांची बसलेली नाकं आणि वाकडे झालेले हात दुरुस्त करण्याचं काम केलं. ज्यांना लोक जवळ करत नव्हते त्यांना पुन्हा माणसांत आणलं. कावसजीला जे मिळालं होतं तेच त्यांनाही मिळालं.

आता शेवटची गोष्ट. कावसजीचा तुटलेला हात काही परत आला नाही. पण तो पुन्हा मान वर करून लोकांत बसला. त्याचं नाव जगाला कळलं. इंग्रज डॉक्टरांची नावं कळली, चित्रकाराचं कळलं, कार्प्यूंचं कळलं. पण ज्याने हे नाक केलं त्या कुंभाराचं नाव काय? ते त्या मासिकात छापलेलंच नाही. विटा पाडणाऱ्या जातीचा एक माणूस, एवढंच तिथे लिहिलं आहे. ऑपरेशन पाहणाऱ्यांची नावं राहिली आणि करणाऱ्याचं राहिलं नाही!

आम्ही सातवीच्या वर्गात यावर बरंच बोललो. आमच्यापैकी एकाच्या आजोबांची वीटभट्टी आहे. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की त्यांचं नाव कोणीतरी विचारायला हवं होतं. आम्हा सगळ्यांना ते पटलं. विद्या हातात असली, तोंडी असली, आणि तिच्याबरोबर नाव लिहिलं गेलं नाही, तर माणूस पुसला जातो. कधी कधी विद्याही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून या भित्तिपत्रकाच्या उजव्या बाजूला आम्ही एक कोरा कागद लावला आहे आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. पालकहो, आपल्या घरात, आपल्या गावात हाताची विद्या असलेली माणसं असतील. कोणी हाड बसवतं, कोणी कलम बांधतं, कोणी चाक करतं, कोणी बाळंतिणीची सेवा करतं. त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि त्यांना काय येतं ते त्या कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही लिहून घेऊ. पुढच्या अंकात ती सगळी नावं छान अक्षरांत लावू.

कावसजीचं नाक करणाऱ्या त्या थोर कुंभारदादांना आमच्या शाळेचा नमस्कार.